लीज संपल्यावर गाडी ठेवावी की परत द्यावी: बेळगावातील एक हिशेब

नोव्हेंबर २०२२ मध्ये मी बेंगळुरूच्या एका कंपनीकडून ३६ महिन्यांच्या लीजवर, म्हणजे ठरावीक मुदतीच्या भाड्याने, गाडी घेतली होती. ती मुदत ११ नोव्हेंबर २०२५ रोजी संपली, आणि कंपनीच्या पत्राप्रमाणे माझ्यापुढे तीन मार्ग होते: गाडी परत द्यावी, लीज वाढवून घ्यावी किंवा करारातल्या किमतीला ती विकत घ्यावी. मी विकत घेतली. निपाणीत राहणाऱ्या माझ्या मावसभावाने त्याच सुमारास आपली लीजची गाडी परत दिली, आणि दोघांचेही निर्णय आपापल्या जागी बरोबर होते असे मला आजही वाटते. आपल्या भागात गाडी घ्यायची म्हणजे बँकेचे नाहीतर सौहार्द सहकारी सोसायटीचे कर्ज काढायचे, अशीच रीत असल्याने लीजची मुदत संपताना काय काय पुढ्यात येते हे विचारायला मला बेळगावात एकही अनुभवी माणूस भेटला नाही. म्हणून हे परीक्षण जरा सविस्तर लिहीत आहे.

गाडी चार मीटरच्या आतली, बाराशे सीसीपेक्षा लहान इंजिनाची, पेट्रोलवर चालणारी आहे. घेतली तेव्हा तिची शोरूम किंमत ९ लाख ६० हजार होती. मासिक भाडे करासह २१,४०० रुपये, अनामत रक्कम ४० हजार आणि तीन वर्षांत मिळून ४५ हजार किलोमीटरची मर्यादा, असा करार होता. उद्यमबागेत माझे लहान मशीन शॉप आहे. त्या वर्षी हाताशी असलेली सगळी रक्कम एका मशीनमध्ये गुंतली होती आणि जुनी गाडी ऑक्टोबरमध्येच विकून टाकलेली होती, त्यामुळे डाउन पेमेंट न भरता गाडी दारात येते ही गोष्ट मला सोयीची वाटली. तीन वर्षांतील सेवेबद्दल माझी फारशी तक्रार नाही. सर्व्हिसिंगच्या तारखा कंपनी स्वतः कळवत असे, विमा तिनेच भरला, आणि एकदा चोर्ला घाटात टायर फाटून स्टेपनीचीही हवा गेलेली निघाली तेव्हा रात्री साडेनऊला फोन करूनही तासाभराने का होईना गाडी ओढून न्यायला माणूस आला. एवढे तिच्या पदरात टाकून मी शेवटच्या अडीच महिन्यांकडे वळतो, कारण लीजची खरी परीक्षा तिथे होते.

मुदत संपण्याच्या साठ दिवस आधी, म्हणजे १२ सप्टेंबरला, कंपनीचे पत्र आले. गाडीची करारात ठरलेली अखेरची किंमत शोरूम किमतीच्या निम्मी, म्हणजे ४ लाख ८० हजार होती, आणि गेली तीन वर्षे माझ्या डोक्यात हाच आकडा बसलेला होता. पत्रात मात्र त्यावर २९ टक्के कर लावून ६ लाख १९ हजार २०० रुपये मागितले होते. करारात ‘लागू असलेले कर वेगळे’ असे चार शब्द होते आणि मी ते सही करताना वाचलेही होते, पण जुन्या गाडीवर एवढा कर बसेल असे मनातही आले नव्हते. माझी जुनी गाडी मी वडगावातल्या एका गृहस्थांना विकली तेव्हा जीएसटीचा प्रश्नच आला नव्हता, कारण खासगी माणसाने आपली वापरातली गाडी विकली तर तो कर लागत नाही.

इथे थोडे थांबून समजून घेण्यासारखी गोष्ट आहे. जीएसटी नोंदणी असलेला व्यापारी जुनी गाडी विकतो तेव्हा त्याला साधारणपणे पूर्ण किमतीवर कर न देता केवळ मार्जिनवर, म्हणजे खरेदी-विक्रीच्या किमतींतल्या फरकावर, कर देण्याची सवलत आहे, आणि २५ जानेवारी २०२५ पासून हा दर सर्व जुन्या गाड्यांना सरसकट १८ टक्के आहे. परंतु गाडी खरेदी करताना भरलेल्या कराचे इनपुट टॅक्स क्रेडिट ज्याने घेतले असेल, म्हणजे तो कर आपल्या देय करातून वजा करून घेतला असेल, त्याला ही सवलत मिळत नाही. त्याने गाडी विकली की पूर्ण विक्री किमतीवर नव्या गाडीच्याच दराने कर लागतो. माझ्या कंपनीने ते क्रेडिट घेतलेले होते. म्हणजे कराचा आकडा तिने फुगवलेला नव्हता. नियमाप्रमाणेच लावला होता. माझी तक्रार एवढीच आहे की ही बाब गाडी देताना सांगायला हवी होती. लीजचा विचार करणाऱ्याने भाडे किती आणि सर्व्हिसिंग कोणाकडे हे विचारण्याबरोबरच ‘तुम्ही या गाडीवर इनपुट क्रेडिट घेणार आहात का’ हा एक प्रश्न लेखी विचारावा. त्याच्या उत्तरावर तीन वर्षांनंतरचे पाऊण-एक लाख रुपये अवलंबून असतात.

पत्र येऊन दहा दिवस होतात तोच, २२ सप्टेंबर २०२५ पासून, लहान गाड्यांवरचा जीएसटी उपकरासह २९ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. याचे माझ्यावर दोन उलटसुलट परिणाम झाले. माझी खरेदी नोव्हेंबरमध्ये होणार असल्याने तिला नवा दर लागायला हवा होता, कारण कर पत्राच्या तारखेवर ठरत नाही, व्यवहाराच्या तारखेवर ठरतो. कंपनीला हे पटवायला मला पाच ई-मेल आणि तीन फोन करावे लागले. पहिले दोन फोन मी हिंदीत केले. तिसरा कानडीत केला आणि त्याच दिवशी सुधारित पत्र आले. हा योगायोगही असेल, पण बेळगावच्या माणसाने आपल्याजवळ असलेल्या दोन्ही भाषा वापरायला संकोच करू नये एवढे खरे. सुधारित किंमत ५ लाख ६६ हजार ४०० रुपये झाली, म्हणजे ५२,८०० रुपये वाचले. भाड्यावरचा कर मात्र कंपनीने न सांगता कमी केला आणि शेवटच्या महिन्यांचे भाडे १९,५७५ रुपये घेतले, हेही नोंदवले पाहिजे.

दुसरा परिणाम तोट्याचा होता. नवी गाडी स्वस्त झाली की जुनीचा भाव आपोआप उतरतो. ९ लाख ६० हजारांच्या गाडीवरचा कर अकरा टक्क्यांनी उतरल्यावर तीच गाडी ८२ हजारांनी स्वस्त पडते, हा साधा हिशेब जुन्या गाड्यांचे एजंट आपल्यापेक्षा लवकर करतात. ऑगस्टमध्ये अशा तीन वर्षांच्या गाडीला बेळगावात ६ लाख ४० हजार सहज मिळतील असे मला सांगणारा एजंट ऑक्टोबरमध्ये ५ लाख ७० हजारांच्या वर जायला तयार नव्हता. करारातली किंमत मात्र २०२२ मध्येच ठरलेली, ती जागची हलली नाही. बाजार चढला तर ठरलेली किंमत घेणाऱ्याच्या फायद्याची ठरते आणि पडला तर त्याच्या अंगावर येते. माझ्या बाबतीत दोन्ही आकडे जवळजवळ एकाच ठिकाणी येऊन थांबले. केवळ तेवढेच पाहिले असते तर विकत घेण्यात फायदा नव्हता आणि तोटाही नव्हता.

निर्णय फिरला तो तपासणीत. गाडी परत द्यायची की नाही हे ठरलेले नसले तरी कंपनी तपासणीचा माणूस पाठवते, आणि त्याला नाही म्हणू नये असे माझे मत आहे. हुबळीहून आलेला तो तरुण पाऊण तास गाडीभोवती फिरला, मोबाइलवर साठएक फोटो काढले, आणि संध्याकाळी ३८ हजारांची यादी आली: पुढच्या बंपरचा ओरखडा ६,५००, मागच्या डाव्या दाराचा डेंट ४,२००, काचेवरची रुपयाएवढी चीर ७,८००, हरवलेली दुसरी किल्ली ८,५०० आणि झिजलेले पुढचे दोन टायर ११ हजार. बंपर आणि दार यांबद्दल बोलण्यासारखे काही नव्हते. ते ओरखडे गणपत गल्लीत गर्दीच्या वेळी गाडी घालण्याचा हट्ट केल्याने आलेले आहेत आणि मला तारखेसकट आठवतात. काचेचीही चूक माझीच होती, कारण ती चीर पडली तेव्हाच विम्यातून काच बदलून घेतली असती तर मुदतीच्या शेवटी तिचे पैसे निघाले नसते.

टायरचे मात्र मला पटले नाही. करारात ‘टायरची नक्षी तीन मिलिमीटरपेक्षा कमी असल्यास’ असे स्पष्ट लिहिले होते, आणि त्या तरुणाने माप न घेता नुसत्या नजरेने टायर झिजल्याचे लिहून टाकले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी शॉपमधला व्हर्निअर घेऊन मी गाडीपाशी बसलो. ज्याला दिवसभर शंभराव्या हिश्श्याच्या मापात काम करायचे असते त्याला टायरची खोली मोजणे अवघड नाही. व्हर्निअरची मागची पट्टी खाचेत उभी सोडली, प्रत्येक टायरवर आतल्या, मधल्या आणि बाहेरच्या खाचेत तीन-तीन ठिकाणी माप घेतले, आणि प्रत्येक मापाचा फोटो आकडा दिसेल असा काढला. सगळ्यांत कमी माप ३.४ आले. मोटार वाहन नियमांप्रमाणे रस्त्यावर चालायला १.६ मिलिमीटरही पुरते, पण इथे करार तीनचा होता आणि तीनच्या कसोटीलाही टायर उतरत होते. अठरा फोटो पाठवल्यावर चौथ्या दिवशी ११ हजार रुपये यादीतून निघाले. व्हर्निअर नसणाऱ्यांसाठी टायरच्या दुकानात लहानशी मापपट्टी मिळते. ती घेऊन तपासणीच्या वेळी स्वतः शेजारी उभे राहावे.

यादी २७ हजारांवर आली तरी किलोमीटरचा विषय बाकी होता. मीटरवर ५१,३०० आकडा होता. पुण्याच्या गिऱ्हाइकांकडे महिन्यातून एक फेरी धरली तरी जाऊन-येऊन सातशे किलोमीटरच्या आसपास होतात, आणि करार करताना मी फक्त टिळकवाडी ते उद्यमबाग एवढाच हिशेब धरला होता. जास्तीच्या ६,३०० किलोमीटरना आठ रुपयांप्रमाणे ५०,४०० आणि त्यावर १८ टक्के कर, म्हणजे ५९,४७२ रुपये. यादीचे २७ हजार मिळवले की गाडी परत देण्याचा खर्च ८६,४७२ रुपये होत होता. ४० हजारांची अनामत त्यात वळती केली तरी वरून ४६ हजार भरून, किल्ली देऊन, रिकाम्या हाताने घरी यायचे. गाडी विकत घेतली तर मात्र जास्तीचे किलोमीटरही माफ, ओरखडेही माफ आणि अनामतही परत, असे करारातच होते.

इथे बहुतेक लोक चुकतात असे मला वाटते. ते विकत घेण्याची किंमत आणि बाजारभाव यांची तुलना करतात आणि परत देण्याचा खर्च वेगळ्या खात्यात ठेवतात. वास्तविक तो खर्च विकत घेण्याच्या किमतीतून वजा करायचा असतो, कारण गाडी ठेवली की तो टळतो. कागदपत्रांच्या शुल्काचे ५,९०० धरून माझी खरेदी ५ लाख ७२ हजार ३०० रुपयांची होती. त्यातून टळणारे ८६ हजार काढले की गाडी मला प्रत्यक्षात ४ लाख ८६ हजारांच्या आत पडत होती, आणि बाजारभाव ५ लाख ७० हजार होता. ज्याची गाडी मर्यादेत चालली आहे आणि जिच्या अंगावर ओरखडा नाही त्याचा हिशेब याच्या अगदी उलट निघेल. चमत्कारिक वाटले तरी, ज्याने लीजची गाडी जपून वापरली त्याने ती परत द्यावी आणि ज्याने राबवली त्याने विकत घ्यावी, असेच आकडे सांगतात.

लीज वाढवण्याचा मार्ग मी फार वेळ विचारात घेतला नाही. कंपनी बारा महिन्यांसाठी महिना १९ हजार मागत होती. वर्षाचे २ लाख २८ हजार. गाडी जुनी झाल्याने भाडे उतरावे अशी माझी अपेक्षा होती, पण करकपात वजा जाता ते जवळजवळ तेवढेच राहिले होते. शिवाय वर्षानंतर पुन्हा तपासणी, पुन्हा किलोमीटर, पुन्हा हाच प्रश्न. ज्यांची बदली चार-सहा महिन्यांत होणार आहे अशा नोकरदारांनाच हा मार्ग उपयोगी पडेल.

निर्णय पक्का करण्यापूर्वी मी गाडी अनगोळच्या एका गॅरेजमध्ये नेली. खानापूरकडची लाल माती खालच्या पत्र्याला बसून राहते आणि चार-पाच महिने पाऊस झाला की तिच्या आड गंज धरतो, हे आपल्याकडच्या कोणत्याही मिस्त्रीला माहीत असते. मिस्त्रीने गाडी उचलून खाली पाण्याचा फवारा मारला, टॉर्चने सायलेन्सरचे जोड पाहिले, मागच्या चाकाशी दोन ठिकाणी बोटाने टोकरून पाहिले आणि म्हणाला, “गाडी बरी हाय मालक. पर तीन वर्सं तुम्हीच चालिवलाय न्हवं? मग मला काय विचारायलाय?” त्याचे म्हणणे बिनतोड होते. जुन्या बाजारातून दुसऱ्याची गाडी घेताना मीटर फिरवलेला आहे का, अपघात लपवलेला आहे का या शंकांचे पैसे आपण मनातल्या मनात मोजत असतो; स्वतःच्या लीजच्या गाडीत ती भानगड नसते. तिची प्रत्येक खोड मला पाठ होती.

आता मावसभावाची गोष्ट. तो निपाणीत राहतो आणि कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत नोकरी करतो. त्याच्या कारखान्यामार्फत घेतलेल्या लीजच्या गाडीचे पासिंग कोल्हापूरचे, एमएच ०९ होते. चार वर्षांनंतर ठरलेली किंमत माझ्यापेक्षाही आकर्षक होती, गाडी चाळीस हजार किलोमीटरसुद्धा चाललेली नव्हती, आणि घरातल्या सगळ्यांचे मत घेऊन टाकावी असेच होते. अडचण घराच्या पत्त्याची निघाली. आधार कार्डावर निपाणी, म्हणजे कर्नाटक. गाडी त्याच्या नावावर करायची तर आधी कोल्हापूरच्या आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र, मग चिकोडीच्या आरटीओत केए २३ चा नवा क्रमांक आणि त्याबरोबर कर्नाटकाचा आजीवन कर. हा कर देशातल्या जड करांपैकी आहे: पाच लाखांपर्यंतच्या गाडीला १३ टक्के, दहा लाखांपर्यंत १४, वीस लाखांपर्यंत १७ आणि त्यापुढे १८, शिवाय त्यावर उपकर. जुन्या गाडीला वयाप्रमाणे सूट मिळते, परंतु आकारणी मूळ किमतीवरून होते, आपण मोजलेल्या किमतीवरून नाही. त्याची गाडी मूळची अकरा लाखांची असल्याने त्याला दीड लाखाच्या पुढचा आकडा सांगण्यात आला. महाराष्ट्राला भरलेल्या कराचा उरलेल्या काळापुरता परतावा मागता येतो, पण तो अर्ज नवी नोंदणी झाल्यावरच करायचा, आणि मूळ कर लीज कंपनीने भरलेला असल्याने परतावा कोणाच्या खात्यात जाणार यावर कंपनीचे उत्तर शेवटपर्यंत स्पष्ट आले नाही.

“पासिंग राहू दे की तसंच, इथं निम्म्या गाड्या एमएच हाईत,” असा सल्ला त्याला निपाणीत दहा जणांनी दिला. सीमेवर हे चित्र दिसते हे खरे, आणि ज्याचा रोजचा जाण्यायेण्याचा टप्पा वीस-पंचवीस किलोमीटरचा असून मध्ये राज्याची हद्द येते त्याची कुचंबणाही खरी आहे. परंतु मोटार वाहन कायद्याच्या ४७ व्या कलमाप्रमाणे दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवलेल्या गाडीला तिथला क्रमांक घ्यावाच लागतो, आणि सीमेवरच्या कोगनोळीच्या अलीकडे-पलीकडे कोणी कधी अडवेल याची धास्ती बाळगत गाडी चालवण्यात मजा नाही. त्याने गाडी परत दिली. मर्यादेत वापरलेली असल्याने त्याला एका आरशाचे तेवढे पैसे भरावे लागले. माझी गाडी कंपनीने बेंगळुरूच्याच पत्त्यावर नोंदवलेली होती, त्यामुळे मला ना नवा क्रमांक घ्यावा लागला ना पुन्हा कर भरावा लागला. सीमाभागात लीजवर गाडी घेणाऱ्याने रंगाच्या आधी पासिंग कुठले मिळणार हे विचारावे.

पैसे भरण्याच्या टप्प्यावर कंपनीचा गलथानपणा दिसला. आमच्या सौहार्द सोसायटीने कर्ज मंजूर केले, पण आरसी माझ्या नावावर झाल्याशिवाय रक्कम सोडणार नाही असे सांगितले. कंपनी म्हणाली की पूर्ण रक्कम आल्याशिवाय हस्तांतराच्या कागदांवर सही होणार नाही. दोघांचेही म्हणणे आपापल्या नियमात बसणारे होते, आणि मला एक मुदत ठेव मोडावी लागली. १० नोव्हेंबरला पैसे भरल्यावर परिवहनच्या संकेतस्थळावर गाडीची माहिती काढली तर तीवर एका बँकेचा बोजा दिसला. कंपनीने स्वतः कर्ज काढून ती गाडी घेतलेली होती! बोजा उतरवायला बँकेचे ना-हरकत पत्र आणि नमुना ३५ लागतो, तो उतरल्याशिवाय हस्तांतराच्या नमुना २९ आणि ३० यांना अर्थ नाही, आणि हे सगळे कागद बेंगळुरूहून यायला २४ दिवस लागले. विकणाऱ्याने राज्यांतर्गत विक्रीची माहिती १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला द्यावी असा कायदा आहे. माझी मुदत जेमतेम दोन दिवस शिल्लक असताना अर्ज गेला. बोजा पैसे भरण्याआधी तपासायची गोष्ट होती, तो शहाणपणा मला उशिरा सुचला.

विम्याचा फटका लहान पण चुटपुट लावणारा आहे. नव्या खासगी गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम काढावा लागतो, त्यामुळे ३६ महिन्यांची लीज आणि तो विमा एकाच वेळी संपतात. आरसी कंपनीच्या नावावर असेपर्यंत पॉलिसीही तिच्याच नावाने काढावी लागली, हप्ता मी भरला, आणि नंतर नाव बदलताना तिच्या नो क्लेम बोनसचा (विम्याचा दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणाऱ्या सवलतीचा) फरकही माझ्याकडून वसूल झाला, कारण तो बोनस गाडीचा नसून विमेदाराचा असतो. माझा स्वतःचा बोनस होता की! ऑक्टोबर २०२२ मध्ये जुनी गाडी विकली तेव्हा मी त्याचे प्रमाणपत्र आठवणीने घेऊन फायलीत ठेवले होते. ते तीन वर्षे चालते. फाइल उघडली तेव्हा ते संपून सतरा दिवस झाले होते.

आरटीओत मात्र मला वाटले होते तेवढा त्रास झाला नाही. कानडी फलकांमधून खिडकी शोधण्याची आपल्याला सवय आहे, आणि कागद पूर्ण असल्याने दोन फेऱ्यांत काम झाले. फास्टॅगचा घोळ त्याहून त्रासदायक ठरला. कंपनीने पैसे मिळाल्याच्या तिसऱ्या दिवशी आपला टॅग बंद केला, मला कळवले नाही, आणि कोल्हापूरला जाताना हत्तरगीच्या टोलनाक्यावर मागे ट्रकांची रांग लागलेली असताना मला ते समजले. १५ नोव्हेंबर २०२५ पासून टॅग नसलेल्याला यूपीआयने भरल्यास सव्वापट आणि रोख भरल्यास दुप्पट पैसे पडत होते. मी सव्वापट भरले.

याच कंपनीकडून पुन्हा लीज घेईन का, असे विचारले तर तीन वर्षांच्या सेवेसाठी होय आणि शेवटच्या कारभारासाठी नाही, असे अर्धवट उत्तर मी देईन. तिच्या मागण्या नियमात बसणाऱ्या होत्या, तपासणीची यादी पुराव्यापुढे नमली, अनामतीबद्दलही तिने कधी नकार दिला नाही. पण प्रत्येक गोष्ट विचारल्यावर मिळाली, आपण होऊन फारच थोडी. ५ डिसेंबरला तर गाडी माझी झालेली असूनही भाड्याचा हप्ता बँकेतून कापला गेला. स्वयंचलित वजावट बँकेत जाऊन बंद करावी लागते हे तेव्हा कळले, आणि पैसे नऊ दिवसांनी परत आले.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात माझ्या नावाचे आरसी कार्ड टपालाने आले. अनामतीचे ४० हजार अजून यायचे आहेत, कारण कंपनीच्या ॲपमध्ये माझ्या गाडीपुढे ‘वाहन परत येणे बाकी’ असे दिसते, आणि वाहन परत आल्याशिवाय ती फाइल पुढे सरकत नाही असे फोनवरच्या बाईंनी मला अतिशय नम्रपणे सांगितले आहे.